बिदर–करजगी : एक तास चाळीस मिनिटं

१

विमानपट्टीच्या ज्या खांबाला रखवालदार शिवशंकरप्पांनी नऊ वर्षं तेलपाणी केलं, त्याच खांबाच्या पायथ्याशी ते पालथे पडले होते. डोक्याखालची तांबडी माती काळी झाली होती. वर, तीस फुटांवर, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फुगून आडवी झाली होती. तोंड पश्चिमेला, शेपूट पूर्वेला. नौबादच्या माळावर आषाढाचा वारा एकदा सुटला की पंधरा-पंधरा दिवस दम घेत नाही.

त्यांची लेक रुद्रम्मा कन्याशाळेतून शिकवणं टाकून पळत आली होती. तिच्या हाताला अजून खडू होता. जमादार निंगप्पांनी तिला दहा पावलांवर अडवलं.

"बाई, लांबूनच बघा. चेहरा बघू नका."

तिने चेहरा बघितला नाही, पाय बघितले. अप्पांच्या पायात चपला नव्हत्या. तळपाय स्वच्छ होते, नुकतेच धुतल्यासारखे. का कोण जाणे, तिची नजर तिथेच अडकून राहिली.

ऑफिसच्या पायरीवर एक माणूस गुडघ्याला छत्री टेकवून, डोकं धरून बसला होता. औषध-गोदामाचे श्रीपतराव. भीमाकाठच्या गावांत पटकीची साथ होती. तिची लस विमानाने करजगीच्या पट्टीवर न्यायची, ती सोबत घेऊन ते सकाळीच गेले होते.

"अक्का," ते हुंदका देत म्हणाले, "बारा दहाला आमचं विमान टेकलं. मला उतरवून पायलटसाहेब तसेच हैदराबादेला उडाले. मी बघतो तर अप्पा हितं असे. पळतच नौबादला गेलो. साडेबाराला चौकीवर पोचलो."

तेवढ्यात मागच्या शेडमधून शिपाई बाहेर आला. त्याच्या दोन्ही हातांत लाकडी पेट्या होत्या, बिस्किटाच्या डब्याएवढ्या. रिकाम्या.

निंगप्पांनी मान हलवली. "गोदामातनं आठ पेट्या तुमच्या अप्पांच्या ताब्यात दिल्या. करजगीला सहाच पोचल्या म्हणतात. आता कळलं, दोन कुठं गेल्या." मग आवाज उतरवून म्हणाले, "उघडं पडणार म्हणून खांबावरनं उडी टाकली असंल, बाई."

त्यांनी तिच्या हातात अप्पांच्या चपला आणि जेवणाचं फडकं दिलं. दोन्ही ऑफिसच्या दारात सापडलं होतं. फडक्यात अर्धी भाकरी, कांद्याची फोड आणि कारळाची चटणी होती. सकाळी तिने दोन भाकऱ्या बांधल्या होत्या.

गाठ तिने पुन्हा बांधली. तीन दिवस ते फडकं सोडलं नाही.

२

लिंगायत रिवाजाप्रमाणे अप्पांना मांडी घातलेल्या बैठकीत, हातावर इष्टलिंग ठेवून मातीत बसवलं. खांदा द्यायला चौघे मिळाले, पाचवा मिळाला नाही.

शेजारची गंगम्मा दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. तिची बहीण करजगीला दिली होती.

"माझ्या बहिणीची दोन लेकरं गेली, रुद्रा. सुई संपली म्हणून सांगितलं डाक्टरनं. दोन पेट्या कमी पडल्या म्हणं."

"गंगक्का, अप्पांनी न्हाई घेतल्या."

"मग कुणी घेतल्या?"

रुद्रम्माने हातातलं फडकं पोटाशी धरलं.

"अकराव्याला आमच्याकडनं कुणी जेवायला येणार न्हाई," गंगम्मा म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. पण औषधचोराच्या घरचा घास घशाखाली उतरंल का, तूच सांग."

ती गेली. रुद्रम्माने दाराला कडी लावली. मागचं दारही लावलं. मग आपण भर दुपारी दोन्ही दारं लावून का बसलोय, हे तिचं तिलाच कळेना. वाऱ्याने पत्रा वाजत होता, आणि दर वाजण्याला कुणीतरी पाय टाकल्यासारखं वाटत होतं.

चौथ्या दिवशी ती चौकीवर गेली. निंगप्पा माणूस वाईट नव्हता, पण कागद मिटवायची घाई असलेला होता.

"श्रीपतरावांवर संशय घेतायलाव का, बाई? अवो, तो माणूस ढगात हुता! आठ वीसला हितनं उडाले, ते तुमच्या अप्पांनीच लिवलंय. बारा दहाला टेकले. मधल्या वेळात अप्पा मेले. ढगातला माणूस खाली कुणाला मारंल?"

"मधे करजगीला किती वाजता पोचले?"

"ते करजगीच्या रजिस्टरला असंल. कामून?"

"बघायचंय."

"बघून काय हुणार? रस्ता तेवढाच, वेळ तेवढाच." त्यांनी तंबाखू मळली. "अकराव्या दिवशी श्रीपतराव रजिस्टर घेऊन हैदराबादला जायल्यात. फाईल बंद हुईल. तवर पट्टीच्या ऑफिसची किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

फाईल बंद होणार, म्हणजे अप्पांच्या नावापुढे कायमचा चोर लागणार. सात दिवस उरले होते.

३

पट्टीवर एकटीने जायचं तिला भय वाटत होतं, म्हणून ती सकाळी उजेडात गेली. उजेडाचा उपयोग झाला नाही. मैलभर सपाट माळ. झाड नाही, झुडूप नाही. अशा जागी आडोशाला कुणी लपू शकत नाही, तसं आपल्यालाही लपता येत नाही.

"कोण हाय?"

ती दचकून वळली. बंडेप्पा मेंगाळे उभा होता, पाठीमागे वीसेक शेळ्या. पट्टीवर शेळ्या चारतो म्हणून अप्पांशी त्याचं रोज भांडण व्हायचं. गेल्याच महिन्यात त्याने "एक दिवस म्हाताऱ्याचं टकुरं फोडतो" असं चारचौघांत म्हटलं होतं. आत्ताही त्याच्या हातात कुऱ्हाड लावलेली काठी होती.

"तू त्या दिवशी कुठं होतास?" तिने विचारलं. आवाज कापू दिला नाही.

"हिरीवर, त्या टेकाडापल्याड. तुला वाटतंय मी मारलं व्हय, अक्का?" तो हसला; दात तंबाखूने काळे. "मारायचं असतं तर नऊ वर्षं वाट कशाला बघितली असती? भांडायला माणूस न्हाई राहिला आता. दोन दिस झाले, शेळ्या पट्टीवर सोडल्यात, कुणी शिव्याच देईना."

"विमान कधी उतरलं, ऐकलंस?"

"ऐकलं की. आलं आन लगेच उडून गेलं. शेळ्यांना पानी पाजायच्या आधी."

"पाणी कधी पाजतोस?"

"डोक्यावर सूर्य आला की."

"म्हणजे बाराच्या आधी? रजिस्टरला बारा दहा आहे."

"जमादार बी हेच म्हनला. म्हनला, शेळ्यांचं घड्याळ कोर्टात चालत न्हाई." तो थुंकला. "आनी एक सांगतो. त्या दिसापासनं माझी तांबडी शेळी त्या पेट्रोलच्या जुन्या खड्ड्याकडं वढती. भाताचा पेंढा चघळत येती. आपल्या मुलकात भात कुठं हाय? ह्या पट्टीवर काईतरी वंगाळ बसलंय, अक्का. तू येत नको जाऊस."

रुद्रम्मा माघारी निघाली. बंडेप्पा पितो, हे सगळ्या नौबादला माहीत होतं. त्याच्या सूर्यावर कोण विश्वास ठेवणार? पण चालताना तिला पाठीत त्याची नजर टोचत राहिली, आणि तिने एकदाही वळून पाहिलं नाही.

४

विमानाला करजगी पश्चिमेकडे ब्याण्णव मैल. मोटारीने मात्र बिदर ते हुमनाबाद, हुमनाबाद ते गुलबर्गा, तिथे धर्मशाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी अफजलपूरच्या खडखड्या गाडीने करजगी. शाळेत तिने सांगितलं, गुलबर्ग्याला मावशीकडे जाते. करजगीचं नाव कुणाजवळही काढलं नाही.

गुलबर्ग्याच्या मोटारतळावर तिला पहिल्यांदा ती छत्री दिसली. गर्दीपलीकडे, चहाच्या टपरीच्या खांबाला टेकलेली. मूठ पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. छत्रीमागचा माणूस दिसला नाही. अशी छत्री आपण कुठे पाहिलीय, ते तिला आठवेना. गाडी सुटली तेव्हा टपरीजवळ ती नव्हती.

करजगीच्या पट्टीचा रखवालदार मडिवाळप्पा तिचं नाव ऐकताच उठून उभा राहिला आणि आधी त्याने खिडकी लावून घेतली.

"गावात कुणाची लेक म्हणून सांगू नको, तंगी," तो धाकट्या बहिणीला सांगावं तसं म्हणाला. "अकरा माणसं गेली हितं. लोक दगड घेतील."

त्याने तिला गुळाचा चहा दिला. नवशिक्या वैमानिकांसाठी लढाईच्या काळात ही पट्टी बांधली, तेव्हापासून अप्पांची आणि त्याची ओळख. दोघे जेमतेम चार वेळाच भेटले असतील, पण विमानाबरोबर एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत.

"तुझा अप्पा येडा हुता. म्या विमान उडालं की जेवतो. तो? विमान परत येऊन टेकंस्तोवर घास घेत न्हाई! त्रेचाळीस साली तो भाकरी खात बसलेला आन एका पोरगेल्या पायलटचं विमान परत आलंच न्हाई. तवापासनं." मडिवाळप्पाने डोळे पुसले. "त्या दिवशी बी म्या चिठ्ठीत लिवलं हुतं, सहा पेट्या मिळाल्या, अप्पा, आता जेव."

"चिठ्ठी कुणाजवळ दिली?"

"पायलटजवळ."

"पेट्या तुम्ही उतरवून घेतल्या?"

"सहाच हुत्या, बसवण्णाची आन. माझ्या हातानं मोजल्या."

"आणि श्रीपतराव?"

"ते खालीच उतरले न्हाईत. पैलीच बारी विमानात बसायची, चक्कर आली म्हणले. मांडीवर घोंगडं घेऊन तसंच बसून ऱ्हायले अर्धा घंटा. म्या पानी दिलं तर घोंगड्याच्या आतनं हात काढला."

मग त्याने अप्पा गेले त्या दिवसाचं रजिस्टर उघडलं. मंगळवार : उतरले दहा. उडाले साडेदहा.

रुद्रम्माने मनात वजाबाकी केली. आठ वीस ते दहा, एक तास चाळीस. साडेदहा ते बारा दहा, एक तास चाळीस.

चोख. श्रीपतराव खरं बोलत होते.

दोन दिवसांचा प्रवास, आणि हाती आलं काय, तर अप्पांच्या गुन्ह्याचा आणखी एक पुरावा. तरी मास्तरणीची सवय सुटत नाही. तिने आधीच्या तिन्ही खेपांच्या वेळाही वहीत उतरवून घेतल्या. त्या खेपांना पायलट एकटाच आला होता.

५

परतीची गाडी हुमनाबादच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हर खाली वाकून शिव्या देत होता. रुद्रम्मा खिडकीशी बसून रस्ता बघत होती.

रस्त्यावर दोन सायकली होत्या. एक दूधवाला पश्चिमेकडे चाललेला, पायडलवर उभा, कंबरेत वाकलेला, धोतराचा सोगा मागे फडफडतोय, आणि सायकल जागची हलेना. समोरून शाळेचा शिपाई येत होता. त्याने पाय पायडलवरून उचलले होते. पाठीवरचा सदरा फुग्यासारखा फुगलेला. सायकल आपली आपण पळत होती, आणि तो दूधवाल्याला ओरडून म्हणाला, "काय मामा, सासरला जायलाव का?"

ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

अप्पा हेच म्हणत. आषाढात विमान करजगीला चाललं की म्हणत, "सासरला चाललंय बघ, पाय उचलंना." आणि परत येताना दिसलं की, "आता माहेराला निघालंय." लहानपणापासून तिने ते ऐकलं होतं आणि हसून सोडून दिलं होतं.

रस्ता तेवढाच. वेळ तेवढाच नाही.

तिने वही काढली. ब्याण्णव मैल, एक तास चाळीस, म्हणजे ताशी पंचावन्न. पायलट अप्पांना सांगायचा, वारा नसताना विमानाचा वेग ताशी ऐंशी. म्हणजे वाऱ्याने पंचवीस खाल्ले. तेच पंचवीस येताना मिळणार. ऐंशी अधिक पंचवीस. एकशेपाच. ब्याण्णव मैलांना किती?

त्रेपन्न मिनिटं.

साडेदहाला उडालेलं विमान बारा दहाला नव्हे, अकरा वाजून वीस-बावीस मिनिटांनी टेकलं होतं. शेळ्यांना पाणी पाजायच्या आधी.

आणि भाकरी. देवा, ती भाकरी! दीड भाकरी अप्पांनी खाल्ली होती. विमान वर असताना ज्याने नऊ वर्षांत घास घेतला नाही, तो माणूस जेवायला बसला होता. विमान आल्याशिवाय बसला नसता.

हुमनाबादला गाडी थांबताच ती तारघरात शिरली. पायलटच्या हैदराबादच्या पत्त्यावर जवाबी तार केली, आणि उत्तर नौबादच्या चौकीवर मागवलं : मंगळवारी बिदरला किती वाजता उतरलात. रखवालदार जिवंत होता का.

तारघराबाहेर आली तेव्हा समोरच्या दुकानाच्या पायरीवर छत्री टेकवलेली होती. मूठ पोपटाच्या चोचीसारखी वाकडी.

या वेळी तिला आठवलं. ऑफिसच्या पायरीवर, हुंदके देणाऱ्या माणसाच्या गुडघ्याशी.

६

घरी आली तर कुलूप जागेवर होतं आणि कडी उचकटलेली होती. अप्पांची ट्रंक पालथी घातलेली. काही गेलं नव्हतं. कुणीतरी कागद शोधत होतं, सापडला नव्हता. मडिवाळप्पाची चिठ्ठी, तिच्या मनात आलं. अप्पांनी ती घेतली असेल, पाय धुऊन जेवायला बसले असतील, आणि जेवता जेवता वाचली असेल.

ती तशीच चौकीवर गेली. निंगप्पांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"वारा? बाई, मी कोर्टात जाऊन काय सांगू? साहेब, वाऱ्यानं साक्ष दिली म्हणून?"

"तार येईल."

"आली तर येतो घेऊन. तुम्ही घरी बसा."

"मी पट्टीवर जाते. आधीच्या खेपांच्या उतरायच्या वेळा अप्पांच्या रजिस्टरला आहेत. उद्या ते हैदराबादला जाईल. मग ते पान राहील का?"

ती निघाली. वारा समोरून होता. दोन मैलांत पदर एकदाही खांद्यावर राहिला नाही.

ऑफिसात शिरून तिने रजिस्टर उघडलं. मंगळवारच्या ओळीत 'उडाले' अप्पांच्या उर्दू आकड्यांत होतं, 'उतरले' श्रीपतरावांच्या बाळबोध आकड्यांत. तिने पान उलटलं आणि वही शेजारी ठेवली.

पहिली खेप : जाताना एक तास पस्तीस, येताना पंचावन्न मिनिटं. दुसरी : एक चाळीस, पन्नास. तिसरी : एक तीस, पंचावन्न. आणि चौथी : एक चाळीस, एक चाळीस.

श्रीपतरावांनी मागचं पान उलटलं असतं, तर ही चूक झाली नसती.

तिच्या मागे दाराचा आवाज झाला. वाऱ्याने नव्हे. कुणीतरी दार हळूच लोटून आतून कडी घातली.

७

"वारा लई हाय," श्रीपतराव म्हणाले. छत्री त्यांनी भिंतीला टेकवली. "रजिस्टर न्यायला आलो, अक्का. करजगीचा प्रवास सुखाचा झाला ना?"

करजगीचं नाव तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, जमादारांना सोडून; आणि त्यांनाही आत्ताच.

तिने रजिस्टर छातीशी धरलं. खिडकी बारीक होती, गज लावलेली. बाहेर माळ रिकामा. बोलत राहायचं, तिने ठरवलं. वर्गात पोरं अंगावर येतात तेव्हा आवाज चढवायचा नाही, उतरवायचा.

"एक विचारायचं होतं. बारा दहाला उतरलात, तेव्हा अप्पा मेलेले होते ना?"

"व्हय."

"म्हणजे विमान वर असतानाच ते चढले, पडले. मग जेवले कधी?"

"म्हाताऱ्याला भूक लागली असंल."

"विमान वर असताना ते जेवत नसत. ते तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्यांदाच बसला होता." ती भिंतीकडे सरकली. "चपला ऑफिसच्या दारात आणि ते खांबाशी. हा माळ सराट्यांनी भरलाय. अनवाणी चालले असते तर तळपाय तांबडे झाले असते. ते स्वच्छ होते. ते चालले नाहीत, श्रीपतराव. त्यांना कुणीतरी उचलून नेलं."

श्रीपतराव एक पाऊल पुढे आले. चेहऱ्यावर राग नव्हता. त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

"कोन उचलंल? हितं कुनी नव्हतं."

"तुम्ही होता. अकरा वीसपासून. पायलट गेला. तुम्ही घोंगड्याखालच्या दोन पेट्या घेऊन उतरलात, करजगीला जाऊन परत आलेल्या. अप्पा जेवत होते. त्यांच्या हातात चिठ्ठी होती, सहा पेट्या मिळाल्या म्हणून. त्यांनी आठ चढवल्या होत्या. ते घास टाकून उठले." ती थांबली. "पुढचं मी नाही सांगत. मला सांगवत नाही."

"आनी वेळ?" तो जवळजवळ कुतूहलाने म्हणाला.

"पेट्या लपवायला, आधीच्या खेपांच्या दोन रिकाम्या शेडमधे मांडायला, अप्पांना न्यायला वेळ गेला. तो झाकायचा होता. तुम्ही जातानाची एक तास चाळीस घेतली आणि येतानाला जोडली. कुणालाही पटलं असतं. जमादारांना पटलं. मला पटलं."

"मग?"

"वाऱ्याला नाही पटलं."

तो हसला. हळू. "म्हातारा बी असंच बोलत हुता. मी म्हनलो, दोन पेट्याच हायत, अप्पा, पैसेवाल्यांची बी लेकरं असत्यात. तर म्हनला, करजगीला परत धाड आत्ताच्या आत्ता." त्याने छत्री हातात घेतली, मूठ खाली करून. मूठ लोखंडी होती, हे तिला आता दिसलं. "रजिस्टर दे, रुद्रम्मा."

"देणार नाही."

"बापासारकी हायस."

दारावर धाडकन काहीतरी आदळलं. मग पुन्हा. दोघेही दचकले. बाहेरून बें बें असा आवाज उठला, आणि त्यावर चढून एक घोगरा आवाज:

"अक्का! दार उघड! शेळ्या पट्टीवर आल्यात, शिव्या दे!"

बंडेप्पाने कुऱ्हाडीच्या बोथट पाठीने तिसरा घाव घातला आणि जुनी कडी खिळ्यासकट निघाली. वीस शेळ्या वाऱ्यासह आत घुसल्या. श्रीपतराव मागे सरला, पायात शेळी आली, आडवा झाला. बंडेप्पाने त्याच्या छातीवर पाय ठेवला.

"तू मला खुनी म्हनत हुतीस," तो रुद्रम्माला म्हणाला. "म्या रोज हितंच फिरतुय. म्हाताऱ्याची पट्टी मोकळी कशी सोडायची?"

८

पाऊण तासाने निंगप्पा पोचले. सायकलवर बसून नव्हे, सायकल ओढत. टोपी हातात, मिशांत धूळ.

"दोन मैलाला अर्धा घंटा लागला, बाई! ह्या वाऱ्याच्या आयला..." दारातलं दृश्य बघून ते थांबले.

"आणि परत जाताना?" रुद्रम्माने विचारलं.

"परत काय, धा मिनटात..." जमादारांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी तोंड मिटलं, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि तिच्याकडे न बघता पुढे केला.

तारेत तीनच ओळी होत्या. अकरा वीसला उतरलो. चिठ्ठी म्हाताऱ्याच्या हातात दिली. उडताना त्याने भाकरी धरलेला हात हलवला.

तिने ती तार दोनदा वाचली. अप्पा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, तीही शेळ्यांच्या गर्दीत भिंतीकडे तोंड करून, थोडीच.

पेट्रोलच्या जुन्या खड्ड्यात, पालापाचोळ्याखाली, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या दोन पेट्या सापडल्या. तांबडी शेळी तिथेच उभी होती. बाटल्या भरलेल्या होत्या. दहा दिवस गारव्याबाहेर राहिल्याने त्यांचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

अकराव्या दिवशी रुद्रम्माने स्वैपाक पन्नास माणसांचा केला. कुणी येईल की नाही, ठाऊक नव्हतं. सूर्य डोक्यावर आला तरी अंगण रिकामं होतं. मग गंगम्मा आली. दारात थांबली नाही, सरळ चुलीपाशी गेली.

"वाढायला घे," ती म्हणाली. "मागनं सगळी गल्ली यायलीय." आणि जरा वेळाने, पातेल्यात बघत, "माझ्या बहिणीला तू पत्र लिव, रुद्रा. मला लिवता येत न्हाई. काय लिवायचं ते बी कळत न्हाई."

"लिहिते, गंगक्का."

पंगत उठल्यावर ती पट्टीवर गेली. एकटीच. माळ तसाच सपाट आणि रिकामा होता, आणि तिला अजूनही मागे वळून बघावंसं वाटत होतं. ऑफिसात बसून तिने मंगळवारची ओळ काढली. बारा दहावर एक सरळ रेघ मारली. वर अप्पांच्या पद्धतीने, उर्दू आकड्यांत, लिहिलं : अकरा वीस. वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पश्चिम, जोराचा. सहीच्या जागी : शिवशंकरप्पा यांच्या वतीने, रुद्रम्मा.

मग तिने पाय धुतले, चपला दाराशी काढल्या आणि पंगतीतली भाकरी बांधून आणलेलं अप्पांचं फडकं सोडलं. आकाश मोकळं होतं. वर कुणी नव्हतं. तिने पहिला घास घेतला.